साखर उतरते तेव्हा

(मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तातील साखर कधी कधी एकाएकी कमी होते. अशा वेळी शरीरात काय घडते, त्या माणसाला मदत कशी करावी आणि त्याला पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मराठीतील 'साखर' आणि उर्दूतील 'शकर' हे दोन्ही शब्द एकाच घरातले. 'शर्करा' या संस्कृत शब्दापासून ते निघाले. चहात घालतो ती साखर आपल्या ओळखीची असते. पण आपल्या रक्तातही साखर असते. तिला ग्लुकोज म्हणतात.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात साखर किती असेल? फक्त एक लहान चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम! गंमत अशी, की आपला मेंदू एकटाच दर तासाला जवळजवळ तेवढी साखर वापरतो. मग तासाभरात रक्तातील साखर संपत कशी नाही? कारण आपले यकृत साखरेचा साठा करून ठेवते आणि गरज पडेल तशी ती थोडी थोडी रक्तात सोडते. उर्दूत यकृताला 'जिगर' म्हणतात. मेंदूजवळ मात्र साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. रोज कमवावे आणि रोज खावे, अशी त्याची स्थिती असते.

पोटात यकृताच्या शेजारी स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यात इन्शुलिन तयार होते. इन्शुलिन रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवते. काही मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयार होणे जवळजवळ बंद पडते. या मुलांना इन्शुलिन रोज टोचून घ्यावे लागते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह होय. तो जास्त मिठाई खाल्ल्याने होत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही.

निरोगी माणसाची साखर कमी होऊ लागली, की स्वादुपिंड इन्शुलिन सोडणे थांबवते. टोचलेले इन्शुलिन मात्र थांबवता येत नाही. ते धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे असते. इन्शुलिन घेतले आणि जेवायला उशीर झाला, किंवा नेहमीपेक्षा जास्त खेळ झाला, तरी ते आपले काम करतच राहते. मग साखर उतरते. घरोघरी यालाच 'शुगर लो झाली' म्हणतात. एक डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असेल, तर लगेच उपाय करावा, असे डॉक्टर सांगतात. ५४ च्या खाली ती गेली तर धोका वाढतो.

समजा, तुमच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. खेळाचा तास संपला आहे आणि आता गणिताचा तास चालू आहे. तिच्या कपाळावर घाम आला आहे. हात थरथरत आहेत. छातीत धडधडते आहे, पोटात भुकेचा डोंब उसळला आहे. हा शरीराने दिलेला पहिला इशारा असतो. थोड्या वेळाने मेंदूला साखर कमी पडू लागते. फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात. साधी बेरीज चुकते. "तुला काय होतंय?" असे विचारले, तर ती चिडून म्हणते, "काही नाही, गप्प बस!" शिक्षकांना वाटते, मुलगी उद्धट झाली. मुलांना वाटते, ती झोपेत आहे. खरे म्हणजे या वेळी तिच्या बोलण्यावर विसंबून राहू नये. ज्या मेंदूने 'मला बरे नाही' असे सांगायचे, तोच उपाशी असतो.

अशा वेळी बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण सर्वांत उपयोगी पडते. तिने शिक्षकांना सांगावे आणि त्या मुलीला तिथेच बसवून ठेवावे. तिला एकटीला घरी किंवा पाणी प्यायला पाठवू नये. रक्त तपासायचे छोटे यंत्र जवळ असेल तर तपासावे. नसेल तर त्याची वाट न पाहता गोड द्यावे. साधारण पंधरा ग्रॅम साखर पुरते. तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून दिली, की तेवढी होते. अर्धा पेला फळांचा रस किंवा साखरेचे सरबतही चालते. लहान मुलांना याहून थोडे कमी लागते.

चॉकलेट किंवा बर्फी मात्र या कामाची नाही. पुष्कळांना हे पटत नाही, कारण दोन्ही गोडच असतात. पण त्यांत स्निग्ध पदार्थ असतात. त्यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, आणि इथे तर एकेक मिनिट मोलाचे असते.

गोड दिल्यावर पंधरा मिनिटे थांबून पुन्हा रक्त तपासावे. साखर ७० च्या वर आली नसेल, तर पुन्हा तेवढेच गोड द्यावे. ही पंधरा मिनिटे फार कठीण जातात. भूक इतकी लागलेली असते, की समोर दिसेल ते खावेसे वाटते. तसे खाल्ले तर तासा-दोन तासांनी साखर तीनशेच्या घरात जाते आणि दुसराच त्रास सुरू होतो. म्हणून मोजून खाणे आणि वाट पाहणे हाच खरा उपाय. जेवणाला अजून तासाभराहून जास्त वेळ असेल, तर नंतर चपाती, बिस्किटे किंवा दूध असे काहीतरी घ्यावे.

बेशुद्ध पडलेल्या किंवा झटके येत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. साखर नाही, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकॅगॉन नावाचे इंजेक्शन घरी ठेवले असेल, तर ते कसे द्यायचे हे शिकलेल्या माणसाने ते द्यावे. त्यामुळे यकृत आपला साठा रक्तात सोडते. आणि एक लक्षात ठेवा : या वेळी इन्शुलिन मुळीच देऊ नये.

साखर उतरण्याचा हा प्रकार इन्शुलिनइतकाच जुना आहे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले. जेम्स कॉलिप हे शास्त्रज्ञ ते शुद्ध करीत होते. त्याची शक्ती पाहण्यासाठी ते सशांना टोचत. काही ससे एकाएकी झटके येऊन कोसळले. त्यांना ग्लुकोज देताच ते पुन्हा उठून बसले! जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला हे औषध दिले गेले आणि तो वाचला. जे औषध प्राण वाचवते, त्याचेच माप चुकले तर काय होते, हे सशांनी आधीच दाखवून दिले होते.

आता त्या मुलीकडे परत येऊ. यंत्रावर ९५ हा आकडा दिसतो आहे. सर्वांना वाटते, झाले, संपले! पण तिचे डोके दुखते आहे, अंग गळून गेले आहे. आकडा सुधारला तरी मेंदू पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागतो. ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या वाहनचालकांना नियमच आहे, की साखर नेहमीसारखी झाल्यावर आणखी ४५ मिनिटे थांबल्याशिवाय गाडी चालवू नये. मग आपल्या मैत्रिणीला लगेच फळ्याजवळ बोलावून उदाहरण सोडवायला लावणे किंवा सायकलवरून एकटीला घरी पाठवणे योग्य होईल का? तिला शांत बसू द्यावे. त्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरू नये. रात्री झोपण्यापूर्वी एकदा रक्त तपासावे. कारण दिवसा खूप खेळले तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते.

साखर वारंवार उतरत राहिली, तर शरीराला त्याची सवय होते. घाम, थरथर हे इशारे मिळेनासे होतात आणि माणूस एकदम गोंधळून जातो. पण काही आठवडे साखर उतरू दिली नाही, तर हे इशारे बऱ्याच जणांना पुन्हा मिळू लागतात. म्हणून प्रत्येक वेळी साखर कशामुळे उतरली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.

घरातील आजी-आजोबांना मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळेही असा त्रास होतो. गोळीचा परिणाम लांबतो. म्हणून ते सावरले तरी साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यांना त्या रात्री एकटे ठेवू नये. रमजानमध्ये रोजा ठेवायचा असेल, तर मधुमेह असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तेव्हाच सोडावा, मगरिबची वाट पाहू नये, असे डॉक्टर स्पष्ट सांगतात. अशा वेळी दोन-तीन खजूर आणि सरबत औषधासारखे उपयोगी पडते.

मधुमेह असलेल्या विद्यार्थ्याच्या दप्तरात साखरेची पुडी असावी, तशी ती शिक्षकांच्या टेबलाच्या खणातही असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे आणि खाण्याचे पदार्थ परीक्षेच्या दालनात नेण्याची परवानगी दिली. पेपर लिहिता लिहिता एखादी मुलगी तोंडात गोळी टाकताना दिसली, तर ती चोरून खात नसते.

शब्दार्थ
पूर्ववत – पहिल्यासारखा
यकृत – जिगर
स्निग्ध – तूप, तेल, लोणी असलेला
विसंबून राहणे – भरवसा ठेवणे
अंग गळून जाणे – खूप थकवा येणे
भुकेचा डोंब उसळणे – अतिशय भूक लागणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या माणसाच्या सर्व रक्तात साधारण किती साखर असते?
(आ) झटके आलेल्या सशांना काय दिल्यावर ते उठून बसले?
२. कारणे लिहा.
(अ) साखर उतरलेल्या माणसाला चॉकलेट देऊ नये.
(आ) बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.
३. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला घाम फुटला आहे आणि तो "काही नाही" असे म्हणतो आहे. तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.