मुळ्याचा पाला शेळीला, मग रक्त कुठून येणार?

नातेपुत्याच्या बाजारातून मुळ्याची जुडी घरी आली की मुळा ताटात येतो आणि पाला शेळीपुढे जातो. आमच्याही घरी वर्षानुवर्षे हेच चालले होते. पण लोह, कॅल्शियम आणि 'क' जीवनसत्त्व हे तिन्ही मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात जास्त असते. म्हणजे सत्त्व शेळीला आणि घरातल्या बाईला चक्कर!

ही साधी गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या वस्तीतल्या मायबहिणी त्याच वयाच्या आहेत.

बाजारातला पाला बऱ्याचदा सुकलेला असतो. ताजा हवा तर मुळा दारातच लावावा. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर शेत नाही. नीरा उजव्या कालव्याचे पाणी तालुक्यातल्या उसाला मिळते. मुळ्याला मात्र दारातली एक गोणी पुरते.

कसा लावावा?

सिमेंटची रिकामी गोणी झटकून, धुऊन घ्या किंवा फुटकी बादली घ्या. खोली किमान एक फूट हवी. तळाला भोके पाडा. रंगाचे किंवा कीटकनाशकाचे डबे मात्र वापरू नका.

आपल्याकडची काळी माती चिकट असते. पहिल्या वेळी आम्ही तीच तशीच भरली, वर ताजे शेण टाकले. मुळे वाकडे आणि दोन-तीन फाट्यांचे निघाले. तेव्हा दोन भाग मातीत एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ढेकूळ, खडे काढून टाका.

सप्टेंबर ते जानेवारी हा पेरणीचा चांगला काळ. उन्हाळा-पावसाळ्यात लावायचे असेल तर दुकानात 'पुसा चेतकी' मागा. ती जात उष्णता सोसते. पाकिटातल्या रंगीत बियांना औषध लावलेले असते. ते लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा.

बी अर्धा इंच खोल, दोन-दोन बोटांवर टाका. चार ते सहा दिवसांत उगवते. पंधरा-वीस दिवसांनी दोन रोपांत चार बोटे अंतर राहील अशी विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपे म्हणजे पहिली भाजी!

माती ओलसर ठेवा. पाण्याची ओढ बसली तर मुळा तिखट आणि दोरेदार होतो. तांदूळ, डाळ धुतलेले पाणी घाला. गटाराचे पाणी मात्र कधीही घालू नका; त्यातून जंतांची अंडी पोटात जातात. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा काढा. उशीर झाला तर तो जून आणि पोकळ होतो. दर दहा दिवसांनी थोडे थोडे बी टाकले की घरात पाला खंडत नाही. दोन रोपे फुलावर जाऊ द्या, त्यांच्या डिंगऱ्यांची भाजी करा. संकरित बी नसेल तर काही डिंगऱ्या झाडावरच वाळवून पुढचे बी धरा.

कसा खावा?

पाला तीन पाण्यांतून धुवा. मूगडाळ घालून भाजी करा किंवा बारीक चिरून भाकरीच्या पिठात मळा. शिजवताना 'क' जीवनसत्त्व कमी होते, म्हणून जेवताना लिंबू पिळा. त्यामुळे पाल्यातले आणि बाजरीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. तासभर थांबा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुळा हे औषध नव्हे. धाप लागते, चक्कर येते, नखे पांढरी दिसतात, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. ते गरोदर बाईचे ११ च्या आणि इतर स्त्रियांचे १२ च्या खाली असले, तर तो रक्तक्षय. भाजी खातो म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

आणि घरात भाजी थोडी असली, तर पहिली वाढ बाईच्या ताटात पडू द्या. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते तिला, ही रीत आपणच मोडायची आहे. या आठवड्यात एक गोणी भरा.