मार्फा येथील दोन दिवस

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या, उंटांचे तांडे आणि खजुराची झाडे उभी राहतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला जे वाळवंट आहे ते मात्र असे नाही. तेथे वाळू थोडी आणि गवत फार. ते गवत पावसाचे थोडे दिवस सोडले तर पिवळेच असते. मधूनमधून निवडुंग, दूर क्षितिजावर निळसर डोंगर आणि या सर्वांवर पालथे घातल्यासारखे अवाढव्य आकाश. चिवावा नावाच्या मोठ्या वाळवंटाचा हा उत्तरेकडील भाग होय. आपल्या महाबळेश्वराहूनही थोड्या अधिक उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० फुटांवर, या माळावर मार्फा नावाचे गाव वसले आहे. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती १,७८८ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला आठवड्याचा बाजारही भरत नाही. मार्फाला मात्र देशोदेशींचे लोक येतात, आणि ते येतात शिल्पे पाहण्यासाठी.

आमची कन्या एल पासो शहरी राहते. तिच्याकडे मुक्कामास असताना ऑक्टोबर महिन्यातील एक शनिवार-रविवार मार्फाला घालवावा असे आम्ही उभयतांनी ठरविले. माझी पत्नी धुळे जिल्ह्यात तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. कोठेही गेले तरी देवळाच्या आधी तिला शाळा दिसते. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एल पासोपासून मार्फा सुमारे १९० मैल आहे. पैकी पहिले १२० मैल मोठा राजमार्ग आहे व तो व्हॅन हॉर्न या गावाशी सोडावा लागतो. या व्हॅन हॉर्नची एक हकिकत आहे. १९४६ च्या डिसेंबरात एक अठरा वर्षांचा सैनिक कोरियाला जाण्यासाठी बसगाडीने पश्चिमेकडे निघाला होता. गाडी या गावी थांबली असता त्याने आपल्या आईला तार केली. गाव चांगले आहे, मुलूख सुंदर आहे, डोंगर आहेत, एवढाच तिचा आशय. त्या सैनिकाचे नाव डोनाल्ड जड. पुढे तो न्यू यॉर्कमध्ये नामांकित शिल्पकार झाला, आणि पंचवीस वर्षांनी, १९७१ मध्ये, याच मुलखात परत आला. त्याचे आडनाव मराठी कानाला गमतीचे वाटते. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि काँक्रीट यांत काम करणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसते.

व्हॅन हॉर्नहून पुढे रस्ता एकाकी होतो. व्हॅलेंटाइन नावाच्या वस्तीजवळ, चहूकडे गवताखेरीज काही नसताना, एक काचेचे झगमगीत दुकान उभे दिसले. आत प्रादा या इटालियन पेढीचे उंची जोडे व पिशव्या मांडलेल्या होत्या. एल्मग्रीन आणि ड्रागसेट या दोन कलावंतांनी २००५ मध्ये उभारलेली ही एक कलाकृतीच आहे. तिचे दार उघडत नाही आणि तेथे काही विकत मिळत नाही. उभारल्यानंतर थोड्याच दिवसांत चोरांनी ती फोडली. तेथे केवळ उजव्या पायाचे जोडे ठेवलेले असतात. “म्हणजे कलेपेक्षा चोरांची परीक्षा पक्की,” असे म्हणून पत्नीने खिडकीची काच वर केली.

मार्फा गाव जन्मास आले ते आगगाडीमुळे. १८८३ मध्ये येथे इंजिनास पाणी घेण्याचे ठाणे झाले. एका रेल्वे अधिकाऱ्याच्या पत्नीने ती वाचीत असलेल्या कादंबरीतील पात्रावरून गावाला नाव दिले, असे सांगतात. ते पुस्तक दोस्तयेव्हस्कीचे की ज्यूल व्हर्नचे याबद्दल मतभेद आहेत. दोघांच्याही कादंबऱ्यांत मार्फा नावाची स्त्री आहे, त्यामुळे वाद मिटत नाही. आज मालगाड्या गावाच्या मधोमध धडधडत जातात. उतारूंची गाडीही जाते, पण ती येथे थांबत नाही. १८८६ चे भव्य न्यायमंदिर, त्यापुढील रुंद व बहुधा निर्मनुष्य रस्ता, दोन्ही बाजूंस बसकी घरे, असे गावाचे रूप आहे. आम्ही उतरलो ते पैसानो हॉटेल १९३० चे. १९५५ च्या उन्हाळ्यात ‘जायंट’ या चित्रपटाचे चित्रण मार्फाच्या परिसरात झाले, तेव्हा नट-नट्यांचा राबता याच हॉटेलात असे. स्वागतकक्षात त्यांची छायाचित्रे आहेत. टेक्सासमधील मेक्सिकन लोकांना मिळणारी हीन वागणूक हाही त्या चित्रपटाचा एक विषय होता. ‘पैसानो’ हा शब्द स्पॅनिश आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या मुलखाचा माणूस.

दुपारी आम्ही गावाबाहेरील जुन्या छावणीत गेलो. मेक्सिकोची सरहद्द येथून दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर आहे. तिच्या रक्षणासाठी १९११ पासून येथे लष्कर असे. दुसऱ्या महायुद्धानंतर छावणी मोडली, बराकी ओस पडल्या. जडला न्यू यॉर्कच्या संग्रहालयांचा वीट आला होता. शिल्प चार आठवडे मांडावयाचे, मग पेटीत भरून दुसरीकडे पाठवावयाचे, हे त्याला पटेना. शिल्प एका जागी, त्या जागेसाठी घडलेले आणि तेथून कधीही न हलविले जाणारे असावे, असा त्याचा आग्रह होता. ओस छावणीत त्याला अशी जागा मिळाली. १९८६ मध्ये त्याने तेथे चिनाटी फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. १९९४ मध्ये तो वारला. त्याने मांडलेल्या वस्तू अजून जेथल्या तेथे आहेत.

तोफा ठेवण्याच्या दोन लांबलचक कोठारांत अ‍ॅल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या आहेत. प्रत्येक पेटी सुमारे साडेतीन फूट उंच, सव्वाचार फूट रुंद व सहा फूट लांब. बाहेरून सर्वांचे माप एकच, आतील रचना मात्र कोणत्याही दोघींची सारखी नाही. एकीत तिरपा पत्रा, एकीत मध्ये फळी, एक दोन्ही बाजूंनी उघडी, एक पूर्ण मिटलेली. प्रथमदर्शनी माझी निराशा झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. एखाद्या कारखान्याच्या गोदामात आल्यासारखे वाटले. पण जडने कोठारांची जुनी दारे काढून तेथे भिंतभर काचा बसविल्या आहेत. ऊन सरकू लागले तसे त्या पेट्यांचे रूप पालटू लागले. काही पेट्या पाण्याने भरल्यासारख्या दिसल्या. काहींतून बाहेरचे पिवळे गवत आरपार आल्याचा भास झाला. एक तर क्षणभर दिसेनाशीच झाली. ओळीच्या टोकाशी उभे राहून आम्ही अर्धा तास काही न बोलता पाहत राहिलो. येथे शिल्पकाराने धातू घडविला आहे खरा, पण पाहावयाचे असते ते ऊन. वाळवंटाखेरीज दुसरीकडे इतके स्वच्छ, इतके धारदार ऊन मिळाले नसते, आणि ही शिल्पे न हलविण्याचा त्याचा हट्ट मला तेव्हा कळला.

त्याच भिंतींवर काही जर्मन अक्षरे रंगविलेली दिसतात. महायुद्धाच्या काळात या छावणीत जर्मन युद्धकैदी ठेवले होते, त्या काळातील ती आहेत. डोके गमावण्यापेक्षा ते वापरावे हे बरे, अशा अर्थाचे एक वाक्य तेथे आहे. जडने कोठारांचे छप्पर बदलले, दारे बदलली, पण ही अक्षरे पुसली नाहीत. जागेचा जो इतिहास तो जागेवर राहावा, असे त्याने मानले असावे. शत्रूच्या भाषेतील ती अक्षरे आज शंभर चकाकत्या पेट्यांच्या सान्निध्यात जपून ठेवलेली आहेत.

छावणीत आणखीही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. माळावर सुमारे एक किलोमीटरच्या रांगेत जडच्याच काँक्रीटच्या प्रचंड चौकटी उभ्या आहेत. सहा बराकींत डॅन फ्लेव्हिनने रंगीत नळीदिव्यांचे काम केले आहे. रात्री आम्ही गावाच्या पूर्वेस नऊ मैलांवर मार्फाचे प्रसिद्ध गूढ दिवे पाहण्यास गेलो. २००४ मध्ये विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मोजमापे घेऊन ते दूरच्या हमरस्त्यावरील मोटारींचे दिवे असल्याचे दाखवून दिले. तरी जमलेली मंडळी ते मान्य करण्यास राजी नव्हती. थंडी मात्र निःसंशय खरी होती.

रविवारी सकाळी आम्ही रुळांच्या दक्षिणेकडील वस्तीत हिंडलो. येथील पुष्कळ घरे कच्च्या विटांची आहेत. माती व गवताचा भुगा कालवून, साच्यात घालून, उन्हात वाळविलेल्या या विटांना आपल्याकडे काही भागांत भेंडे म्हणतात. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात ऊबदार राहणारी ही घरे मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांनी आपल्या हातांनी बांधली. जडने आपल्या राहत्या जागेभोवती अशाच विटांची उंच भिंत घातली. मागून आलेल्या धनिकांनाही अशी घरे हवीशी झाली व त्यांच्या किमती चढल्या. २०१७ मध्ये कर-आकारणीसाठी या घरांचा वेगळा वर्ग करून त्यांचे मूल्य वाढविण्यात आले. त्यामुळे गरिबाच्या मातीच्या घरावरही जास्त कर बसू लागला. कलेमुळे गाव जगले हे खरेच, पण त्याची किंमत कोणी भरली हेही पाहावे लागते.

या वस्तीत ब्लॅकवेल शाळा आहे. तीन खोल्यांची, भेंड्यांच्याच भिंतींची, १९०९ मध्ये बांधलेली. मेक्सिकन मुलांसाठी वेगळी शाळा असावी असे टेक्सासच्या कायद्यात कोठेही नव्हते. रूढी मात्र तशी होती, आणि ती १९६५ पर्यंत टिकली. मुले घरी स्पॅनिश बोलत. हा प्रदेश पूर्वी मेक्सिकोत होता, तेव्हा इंग्रजीच्या आधीपासून ती भाषा येथे नांदत होती. परंतु शाळेच्या आवारात स्पॅनिश शब्द उच्चारला की लाकडी फळीचा मार बसे.

१९५४ मध्ये शिक्षकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहावयास लावले. त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या, आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ‘मिस्टर स्पॅनिश’चे दफन केले. मुलांनीच लिहावयाचे, मुलांनीच उभे राहून पाहावयाचे. त्यानंतर घरी जाऊन आईशी कोणत्या भाषेत बोलावे, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

माझी पत्नी छायाचित्रांपुढे बराच वेळ उभी होती. मग ती म्हणाली, “अहो, पहिलीतली पोरे माझ्याशी अहिराणीतच बोलायची. एकदा एकाच्या बोलण्यात ‘आंडेर’ हा शब्द आला. मी नवी होते, मला काही समजेना. मग वर्गातल्या सगळ्यांनी मिळून मला शिकवले की आंडेर म्हणजे मुलगी. त्या दिवशी विद्यार्थी मी होते.”

“पण मग त्यांचे मराठी?” मी विचारले.

“ते आले की! अहिराणीच्या खांद्यावर बसूनच आले. एक शिकवायला दुसरी पुरावी लागत नाही.” थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, “तुम्ही काल ती जर्मन अक्षरे पाहिलीत ना? ती कैद्यांची होती, तरी राहिली. आणि ही तर गावचीच मुले.”

मी काही उत्तर दिले नाही. बाहेर कोणीतरी पोराला हाक मारीत होते, ती स्पॅनिशमध्येच होती. पपई आणि तंबाखू हे आपले दोन शब्द याच अमेरिका खंडातून, पोर्तुगीज गलबतांवर बसून आपल्याकडे आले. स्पॅनिशमध्ये ते ‘पपाया’ आणि ‘ताबाको’ असे आजही ऐकू येतात. एखाद्या मुलाने चिठ्ठीवर यांपैकी एखादा शब्द लिहिला असेल, तर त्या पेटीत थोडी मराठीही पुरली गेली असेल.

शाळा १९६५ मध्ये बंद झाली व गावातील सर्व मुले एकत्र शिकू लागली. पुढे ही इमारत पडण्याच्या बेतात आली, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी संस्था काढून ती वाचविली. २००७ च्या मेळाव्यात, साठी उलटलेल्या या विद्यार्थ्यांनी त्या दफनाचा उलटा विधी केला. जमीन खणून त्यांनी तिच्यातून एक स्पॅनिश शब्दकोश वर काढला. २०२२ मध्ये कायदा होऊन ही शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. मार खाल्लेल्यांपैकी काही जण आजही गावात आहेत, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत येथे नोंदविलेल्या आहेत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही.

निघताना दारापाशी अभिप्रायाची वही होती. पत्नीने तीत देवनागरी अक्षरांत आपले नाव लिहिले, त्याखाली आपल्या शाळेचे गाव आणि तालुका लिहिला, आणि लेखणी माझ्या हाती दिली.

अभ्यास

१. डोनाल्ड जड याला आपली शिल्पे एकाच जागी कायम राहावी असे का वाटत होते? कोठारातील पेट्यांच्या वर्णनाच्या आधारे लिहा.

२. “एक शिकवायला दुसरी पुरावी लागत नाही.” हे वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले?

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : उभयता, राबता, ओस पडणे, वीट येणे.

४. तुमच्या घरी किंवा गावात बोलले जाणारे, पण पुस्तकात न आढळणारे पाच शब्द घरातील वडील माणसांना विचारून लिहून आणा व त्यांचे अर्थ वर्गात सांगा.