पोट आणि पाय

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मागून एका पोरानं हाक मारली, "काकू, चप्पल राहिली तुमची!" वळून पाहिलं तर डावी चप्पल पंधरा-वीस पावलं मागे, रस्त्यातच पडलेली. एप्रिलची दुपार होती, डांबर तापलेलं होतं, आणि माझं डावं पाऊल त्यावरून अनवाणी चालत आलं होतं. मला कळलंच नव्हतं. संध्याकाळी तळपायाला दोन फोड आले, तेही डोळ्यांना दिसले म्हणून समजले.

त्या दिवसाला सव्वा वर्ष होऊन गेलं. राग अजून उतरलेला नाही.

सगळ्याची सुरुवात झाली एका आहार-शिबिरात; त्याचं वर्णन करत बसत नाही. अशी सात दिवसांची शिबिरं आता गावोगाव होतात. दूध मी त्याआधीच सोडलं होतं, माझ्या स्वतःच्या कारणासाठी. माहेरी शेजारच्या गोठ्यात म्हशीचं रेडकू उपाशी ठेवून मरू दिलेलं मी पाहिलं, आणि त्यानंतर चहात दूध घालायला हात धजेना. म्हणून शिबिर घेणाऱ्या 'सरां'नी माझं दूध तोडलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी केलं ते वेगळंच. पहिल्याच दिवशी मी उभी राहून विचारलं होतं, "सर, दूध नाही तर बी-१२ चं काय?" भरल्या हॉलसमोर ते हसले. म्हणाले, "ताई, गाय कुठली गोळी खाते? भाज्या फार घासून धुऊ नका, मातीतून सगळं मिळतं. ही भीती औषध कंपन्यांनी घातलेली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

गाईचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, आता येतं. बी-१२ ना प्राणी बनवतो ना झाड. ते बनवतात जिवाणू. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात ते जिवाणू असतात आणि तिथून पुढे तिच्या आतड्यात ते शोषलं जातं. माणसाच्याही मोठ्या आतड्यात जिवाणू थोडंफार बनवतात, पण आपल्याकडे ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे मोठं आतडं सुरू होण्याच्या आधी. बनतं पुढे आणि शोषण्याची जागा मागे राहून गेलेली. मातीचं म्हणाल तर आपल्या शेतात काय काय पडतं ते आपल्याला ठाऊक आहे. न धुतलेल्या कोथिंबिरीतून जंत आणि जुलाब नक्की मिळतील.

शिबिरानंतर मी आहार तंतोतंत पाळला. सकाळी वाटीभर कच्ची कडधान्यं, त्यावर कच्चा कोबी, दुपारी पुन्हा कोशिंबिरी, रात्री भिजवलेले शेंगदाणे. तिसऱ्या आठवड्यापासून पोट नगाऱ्यासारखं तटतटायला लागलं. करपट ढेकर, गुडगुड, रात्री दोनला उठून शतपावली. सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "विषद्रव्यं बाहेर पडत आहेत, आनंद माना." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. गॅसची गोळी मला त्यांनी दूध सोडण्याच्या तीन वर्षं आधीच सुरू केलेली होती, सकाळी उपाशीपोटी एक. आता त्यांनी ती दोन वेळा केली. मी काय खाते हे विचारायला त्यांना एक मिनिट लागलं असतं.

पुढे जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, भाजीतलं साधं तिखटही झोंबायचं. जिना चढताना धाप लागे. हिमोग्लोबिन दहाच्या आत आलं म्हणून लोहाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळाली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर गेलं, डॉक्टर खूश, मीही खूश. त्याच दोन महिन्यांत पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. "वय झालं, नसा दबतात, फार विचार करू नका," असं मला सांगण्यात आलं. तेव्हा माझं वय एकोणपन्नास होतं. ग्रुपवरही विचारलं. तिथं उत्तर होतं, "शरीर जुने विकार उकरून काढतंय. आणखी तीन महिने धीर धरा." मी धीर धरला. आंघोळीच्या वेळी डोळ्यांत साबण गेला आणि डोळे मिटले की तोल जायचा, भिंत धरावी लागायची. तोंड धुतानाही तेच. मी ते अशक्तपणावर ढकललं.

चप्पल पडल्यानंतर भाचीनं मला ओढून मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पावलं जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी कलंडले, नर्सनं धरलं. मग पोलादी चिमट्यासारखी एक वस्तू ठोकून माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली. "कंप थांबला की सांगा." मी म्हटलं, "सुरू करा ना." ते म्हणाले, "ताई, सुरूच आहे." मग त्यांनी तीच माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवली, तेव्हा झणझण लागली. पायात ती झणझण अख्खी गेली होती.

रिपोर्ट आला: बी-१२ फक्त ११८, जे २०० च्या वर हवं. बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन ४६, जे साधारण १५ च्या आत असावं. त्यानंतर त्यांनी विचारलेले तीन प्रश्न मी कधीच विसरणार नाही. खाता काय? गॅसची गोळी किती वर्षं? फॉलिक ॲसिड कुणी दिलं? अडीच वर्षांत कुणीही माझं पोट आणि माझे पाय यांचा संबंध जोडला नव्हता. त्यांनी पाच मिनिटांत जोडला. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. गोळीनं आम्ल दाबलं, म्हणजे दूध पीत होते तेव्हाच माझा साठा भरणं कमी झालेलं. एरवी यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. माझा आधीच खालावलेला होता आणि मग मी दूधही बंद केलं. वरून फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारून दाखवलं. रक्त सुधारतं, नसा मात्र आतून झिजतच राहतात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत ही झीज पोचते. आणखी काही महिने गेले असते तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तो रिपोर्ट मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. शिव्या दिल्या नाहीत, फक्त लिहिलं, "सर, कृपया बी-१२ बद्दल सगळ्यांना सांगा." अर्ध्या तासात मला ग्रुपमधून काढलं गेलं.

दुसरीकडून नातेवाईक. "बघ, आता तरी दूध पी." जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या सासूबाई जन्मभर शाकाहारी, त्यांना काय झालं?" सासूबाई रोज तांब्याभर ताक प्यायच्या, हे त्या विसरल्या. आणि दूध पिणारेही सुटलेले नाहीत. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी निघालं, आणि प्रमाण सर्वांत जास्त होतं ते शहरी मध्यमवर्गात, झोपडपट्टीपेक्षाही जास्त. घराघरात दूध असलेली ही माणसं. दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यातलं बी-१२ घटतं, आणि चहातल्या चार चमच्यांत ते असणार तरी किती. दूध मी आजही घेत नाही. गोळी घेते.

आता ज्यांनी दूध-दही सोडलंय किंवा सोडायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी.

गोळी पहिल्या दिवसापासून घ्या, त्रास व्हायची वाट पाहू नका. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असते, मग गोळी हजारची का, हा प्रश्न मलाही पडला होता. जठरातून स्रवणाऱ्या एका खास प्रथिनाच्या आधारानं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून मोठी मात्रा. सायनोकोबालामिनची साधी, स्वस्त गोळी चालते. कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं आहे का ते केमिस्टला विचारा, ते प्राण्यांपासून बनतं. स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यात असतं ते बहुतांशी बी-१२ चं निकामी भावंड, शरीराला न वापरता येणारं. इडली, आंबील यांच्या आंबवण्यातूनही भरवशाचं काही मिळत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो. सोया दुधाच्या खोक्यावर बी-१२ लिहिलेलं आहे का ते वाचा. सगळ्यांत घातलेलं नसतं.

तपासणी करायची तर गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त द्या, नंतर आकडा फसवा येतो. २०० ते ३०० च्या मध्ये आलं आणि पायाला मुंग्या असतील तर "नॉर्मल आहे" ऐकून घरी येऊ नका, होमोसिस्टीन मागा. नुसतं फॉलिक ॲसिड कुणी लिहून दिलं तर बी-१२ पाहिलं का, असं तोंडावर विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही हे विचारावं. दाताच्या किंवा इतर शस्त्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड देणार असतील तर बी-१२ कमी असल्याचं आधी सांगा, त्यानं दुखणं एकदम बळावू शकतं.

गॅसची गोळी स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. मी केली आणि छातीत आग पेटली. दाबलेलं आम्ल दुप्पट उसळतं. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं सहा आठवड्यांत उतरवली.

पोटाचं गणित शेवटी स्वयंपाकघरात सुटलं. कडधान्यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यात त्यांचा वायू होतो. म्हणून बारा तास भिजवायचं, पाणी ओतून द्यायचं, मोड आणायचे आणि शिजवायचं. कच्चे मोड खाण्यात काही शहाणपण नाही. राजमा तर नीट उकळल्याशिवाय खाऊच नये, विषबाधा होते. मी मुगाच्या डाळीवर महिनाभर राहिले, मग मसूर, मग मटकी, आणि हरभरा-वाटाणा सगळ्यांत शेवटी, तोही दुपारी. उसळ रात्री नाही. गव्हाच्या पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी मला सोसली. हिंग, ओवा, आलं आहेतच. जेवणावर लगेच चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. त्याऐवजी लिंबू पिळा. पाणी प्या, चाला, नीट झोपा. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तो गॅस नाही, डॉक्टर गाठा.

इंजेक्शनं दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. लालभडक औषध, आणि दुखतं. जीभ दहा दिवसांत बरी झाली. मुंग्या आधी वाढल्या, नंतर ओसरल्या. उजव्या अंगठ्याला कंप कळतो. डाव्याला अजून नाही. मागे पट्टा असलेली सँडल घालते.

शिबिरातल्या ज्या बायकांचे नंबर माझ्याकडे उरले होते त्यांना गेल्या आठवड्यात एकेक करून फोन लावले. बहुतेकींनी विषय बदलला. एक जण बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पायाला मुंग्या येतात त्या रात्रीच जास्त येतात का गं?" तिचं रक्त काल दिलंय. रिपोर्ट सोमवारी येईल.