स्वतःस इजा करून घेणारी व्यक्ती : उपचार व आधार

स्वतःच्या शरीरास जाणूनबुजून इजा करून घेणारी व्यक्ती बहुधा ती जखम लपविते. त्यामागे लज्जा असते, तशी पोलिसांची भीतीही असते. आणि ती भीती निराधार नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला आणि त्याच्या कलम ११५ ने ही दृष्टी पालटली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे. तिला शिक्षा न करता तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम उरलेच नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा शिक्षापात्र आहे. ग्रामसभेत दहा मिनिटे काढून एवढे वाचून दाखविले, तरी पुष्कळ काम होईल.

अशा प्रत्येक इजेमागे मरणाची इच्छा असतेच असे नाही. असह्य भावनेपासून क्षणभर सुटका, एवढाच हेतू पुष्कळदा असतो. तथापि अशा व्यक्तींना पुढे आत्महत्येचा धोका अधिक असतो. म्हणून ‘हे नाटक आहे’ असे म्हणून दुर्लक्ष करणे घातक होय.

प्रथम जखमेवर उपचार, मग बोलणे. शिक्षकांनी वर्गासमोर चौकशी करू नये, आणि ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथ तर मुळीच घालू नये. शपथ मोडली की विद्यार्थी बोलणेच बंद करतो. जीव द्यावासा वाटतो का, असे एकांतात सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. भावनेचा कढ चढतो तसा ओसरतोही. तेवढा वेळ निभावून नेण्यासाठी गार पाण्याने तोंड धुणे, चालावयास जाणे, विश्वासाच्या माणसाजवळ जाऊन बसणे हे उपाय साधे असले तरी उपयोगी आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत अशी कौशल्ये क्रमाने शिकविली जातात. घरातील कीटकनाशक कुलपात ठेवणे हे कुटुंबाचे काम.

विदर्भातच याचा अनुभव आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. गावातील ओळखीचा माणूस दाराशी आला, हे त्याचे एक कारण असावे.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. त्यालगतच्या चौकास लोक ‘पागलखाना चौक’ म्हणत आले. असल्या नावाखालून उपचारास जाणे किती जड जात असेल, याचा विचार व्हावा. तेथे दाखल व्हावेच लागते असे नाही. बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परतता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’मध्ये, मनोविकारशास्त्र विभाग आहे. ज्यांना नागपूर गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो व मराठीत बोलता येते. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर तो आजच लिहावा.