पिकअपचे ब्रेक : घरी काय करायचं, मिस्त्रीकडे काय न्यायचं



होडीला चीर पडली किंवा जाळं फाटलं तर आपण कुणाला बोलवत नाही, स्वतः बसतो आणि नीट करतो. पण कारंजा धरणावरून माल भरून हैदराबादला नाहीतर सोलापूरला जाणाऱ्या पिकअपचं काय? निघताना पेडल एकदा दाबायचं, लागला ब्रेक की झालं. माझंही असंच होतं, म्हणून हे लिहितोय.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. हुमनाबादहून कलबुर्गीला कटला आणि रोहू घेऊन निघालो होतो. पुतण्या चालवत होता, शेजारी मी आणि आमची मंडळी. कमलापूरच्या आसपास रस्त्याला चढउतार आहेत. एका उतारावर रबर जळल्यासारखा वास आला आणि पुतण्या म्हणाला, "काका, पेडल खाली चाललंय." त्यानं गिअर खाली टाकत, पेडल परत परत मारत गाडी कशीबशी कडेला घेतली. देवाच्या कृपेनं पुढं काही नव्हतं.

खरी फसवणूक त्यानंतर झाली. अर्धा तास थांबलो तर पेडल पुन्हा कडक! तसेच बाजार गाठला आणि संध्याकाळी विसरूनही गेलो. आठ दिवसांनी दुसऱ्या एका मिस्त्रीसमोर मागचं डावं चाक उघडलं तेव्हा तो म्हणाला, "मालक, ही लाइन बंद केलेली हाय." कधीतरी त्या चाकाचा सिलिंडर गळत असणार. तो बदलायच्या ऐवजी कुणीतरी पाइपात बोल्ट ठोकून मोकळा झाला होता. किती महिने आम्ही तीन चाकांच्या ब्रेकवर फिरलो, माहीत नाही. पुढचे ब्रेक जास्त राबले आणि जास्त तापले. त्यात ऑइल जुनं, पाणी प्यालेलं. ते उकळलं, त्याची वाफ झाली. वाफ दाबली की दबते, म्हणून पेडल खाली गेलं. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल झालं आणि पेडल कडक लागलं. तेव्हा एकदा पेडल खाली जाऊन परत आलं असेल तर ब्रेक बरा झाला असं समजू नका.

आपल्या गाड्यांना हे जास्त होतं, कारण उन्हाळ्यात मासा आणि बर्फ निम्मे-निम्मे भरावे लागतात. सात क्विंटल मासळी म्हणजे बर्फ धरून चौदा क्विंटल, क्रेटचं वजन वेगळं. आपण मात्र मासळीचंच वजन मोजतो. आरसीवर गाडीचं भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. वेगाचाही हिशोब आहे. ४० ऐवजी ६० च्या वेगानं गाडी पळवली तर थांबवताना ब्रेकला सव्वादोन पट ताकद जिरवावी लागते.

आता कामाचं. आपल्या बहुतेक छोट्या पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचे पॅड बदलणं हाताला सवय असलेल्या कुणालाही जमतं, एक सकाळ पुरते. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हात लावू नका.

सपाट, कडक जागा बघा. तळ्याकाठच्या मऊ मातीत जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना दगडाची उटी लावा. गाडी उचलायच्या आधीच चाकाचे नट थोडे ढिले करा. उचलल्यावर खाली पक्की लोखंडी घोडी द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. विटांची चळत म्हणजे घोडी नव्हे, ती एकदम फुटते.

चाक काढलं की स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवा, कॅलिपर समोर येतो. खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत तो वर उचलता येतो. तो रबरी पाइपावर लोंबकळू देऊ नका, जाळ्याच्या नायलॉन दोरीनं वर बांधून ठेवा. पॅड बाहेर काढून नुसती लायनिंग किती उरली ते बघा, मागची लोखंडी पट्टी त्यात धरू नका. ३ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बदला, आणि डावी-उजवी दोन्ही चाकांची एकदमच बदला. एकच बाजू बदलली तर गाडी ओढते.

आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड, असं दिसलं तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्यात असं समजा. आपल्याकडे हे फार होतं, कारण बर्फाचं पाणी दिवसभर गळत असतं. पिना काढा, पुसा, गंज असेल तर बारीक काचपेपर मारा आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं लाल ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. धुवायला डिझेल किंवा रॉकेलही नको, त्याच कारणानं.

नवीन पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. आधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. डबी काठोकाठ भरली असेल तर थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते उतू जातं आणि जिथं सांडेल तिथला रंग खातं. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पनं हळूहळू दाबा. डिस्कवर बोट फिरवा. खोल चरे असतील किंवा काठाला मोठी कड आली असेल तर डिस्क मिस्त्रीला दाखवा. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं.

सगळं जोडून चाक बसवलं, गाडी खाली घेतली की चावी फिरवायच्या आधी पेडल मारा. पहिल्यांदा ते तळापर्यंत जाईल, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. कडक लागेपर्यंत मारत रहा. हे विसरून गाडी सुरू करणारे थेट भिंतीत जातात, तेही स्वतःच्या अंगणात. त्यानंतर डबीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे का ते बघा.

मागच्या ड्रमचं काम किचकट आहे. इथं गाडीला उटी पुढच्या चाकांना लावायची, दोन्ही बाजूंनी पक्की, कारण ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो. गिअर न्यूट्रलला. ड्रम अडकला असेल तर बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात. त्यात बोल्ट सारखे-सारखे आवळत गेलं की ड्रम सुटतो. हातोड्यानं कडा फोडू नका. काही गाड्यांत ड्रम हबसकट निघतो. तसा असेल तर तिथंच थांबा, मिस्त्रीकडे न्या.

आतली काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. पोरांना लांब पाठवा, तोंडाला मास्क लावा, धूळ पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसा.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठली कुठं होती हे विसरलं तर दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. दोन शूंचे लायनर कमी-जास्त लांबीचे असतील तर पुढे कुठला, मागे कुठला हे लिहून ठेवा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण अलगद उचलून बघा. आत ओलं दिसलं तर सिलिंडर गळतोय. लायनरला ऑइल लागलं असेल तर ते घासून, धुऊन परत वापरू नका, बदलाच. पाइप सिलिंडरला नीट जोडलेला आहे का, मध्येच बोल्ट ठोकून किंवा चिमटून बंद केलाय का, हेही बघा. माझं दुखणं तिथंच होतं.

ड्रम बसवल्यावर अ‍ॅडजस्टर असा लावा की चाक हातानं फिरतं पण किंचित घासल्याचा आवाज येतो. फार आवळलं तर ड्रम तापतो.

बर्फाच्या पाण्याचं एक सोपं काम आहे. हौद्याच्या भोकांतून ते पाणी सरळ मागच्या चाकांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर पडतं. भोकांना रबरी नळी लावून पाणी मागच्या टोकाला सोडा. आम्ही हे केल्यापासून केबल एकदाही अडकली नाही. बर्फात मीठ टाकणाऱ्यांनी तर हे आधी करावं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. झाकणावर जे लिहिलंय तेच घाला, बाटली बंद असलेली घ्या. उघडून वर्षभर फळीवर पडलेली नको.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडायचा आणि पेडल सोडायच्या आधी बंद करायचा. साधारणपणे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पहिल्यांदा हे मिस्त्रीसमोर करा. गाडीला एबीएस असेल तर घरी करूच नका. मास्टर सिलिंडर, बूस्टर, लोखंडी पाइप, मागच्या एक्सलजवळचा वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, हेही घरचं काम नव्हे. पण काम चालू असताना तिथं उभं रहा आणि काय बदललं ते बघून घ्या. वाईट वाटून घेणारा मिस्त्री असेल तर दुसरा बघा.

आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. त्या तारखेची वाट बघू नका. दर महिन्याला ऑइलची पातळी आणि चाकांच्या आतल्या बाजूची गळती बघणं दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रेकचं काम झालं की पहिली फेरी रिकाम्या गाडीनं, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. आधी २० च्या वेगानं, मग ४० नं ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबते का, पेडल स्पंजासारखं लागतं का? स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे, माल भरू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, पॅडला डिस्कवर बसायला वेळ द्या. आणि पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा पाना काढून चारही चाकांचे नट समोरासमोरच्या जोडीनं एकदा आवळून घ्या.