पोकळीवाचून नाद : एका विद्युत् गिटारीचा अभ्यास

तंतुवाद्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम त्याचा भोपळा उभा राहतो. तंबोरा असो, सतार असो वा रुद्रवीणा असो, तारेच्या सोबतीला कोठेतरी पोकळी ही असावयाचीच. आपल्या बेळगावापासून मिरज काही फार दूर नाही. तेथील कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्याचा घेर, त्याची जाडी आणि त्याचा कोरडेपणा किती बारकाईने न्याहाळतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना पोकळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एकटी तार इतकी बारीक असते की ती आसपासची हवा फारशी हालवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून तबलीत आणि तबलीतून आतल्या हवेत उतरतात, तेव्हा कोठे नाद मैफलीत पसरतो.

असे असता, ज्याचे अंग भरीव लाकडाच्या फळीचे आहे आणि विजेचा पुरवठा तोडताच ज्याचा आवाज पाच हातांवरही नीट पोहोचत नाही, त्यास वाद्य म्हणावे काय? “विजेचा आवाज तो, त्यात खरे काय असणार?” असा आक्षेप संगीतप्रेमी घरांतून अजूनही ऐकू येतो. आम्हांस वाटते की, ह्या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वी वाद्याची रचना समजून घ्यावी. त्यासाठी आम्ही येथे एकच वाद्य निवडले आहे. ते म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन गावी, १९५४ साली फेंडर कंपनीने बाजारात आणलेली ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार.

भरीव अंगाची गरज

पोकळ अंगाची गिटार मुळात हळुवार आवाजाची. ढोल, तुताऱ्या आणि सॅक्सोफोन ह्यांच्या गर्दीत ती बुडून जात असे. त्यावर उपाय म्हणून जॉर्ज बोशँप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी लॉस एंजेलिस येथे विजेवर चालणारी गिटार बनविली. १९३२ च्या सुमारास ती विक्रीस आली. मांडीवर आडवी ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीने वाजवावयाची ही गिटार अॅल्युमिनियमची ओतीव होती. तिचा आकार पाहून लोक तिला ‘तवा’ म्हणू लागले.

पुढे नेहमीच्या पोकळ गिटारींनाही तसेच यंत्र बसविण्यात आले; पण तेथे एक नवी अडचण उभी राहिली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला की कान किटविणारी शिटी ऐकू येते, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. पोकळ गिटारीचेही तसेच होई. कर्ण्यातून निघालेला आवाज गिटारीच्या पोटातील हवा हालवी, त्यामुळे तबली आणि तारा पुन्हा कंप पावत, तो कंप पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडे, आणि ह्या फेऱ्यातून एक अनावर गुंजारव निर्माण होई. जी पोकळी आजवर वाद्याचा प्राण होती, तीच आता अडथळा ठरली.

लेस पॉल ह्या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास एका चौकोनी भरीव ओंडक्यावर तारा ताणून हा अडथळा दूर करण्याचा प्रयोग केला. ते सांगत की, नुसता ओंडका पाहून श्रोत्यांस काही कौतुक वाटले नाही. परंतु त्याच ओंडक्याच्या दोन्ही अंगांस गिटारीचे दोन अर्धे भाग जोडताच श्रोत्यांचे मत पालटले. मनुष्य डोळ्यांनीही ऐकत असतो, हे ह्या हकीकतीवरून ध्यानात यावे.

तार, चुंबक आणि वेटोळे

आता ह्या वाद्यातील नाद कोठून येतो ते पाहू. मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर त्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. स्ट्रॅटोकास्टरच्या तारांखाली जी लहानशी पट्टी दिसते, तिला ‘पिकअप’ म्हणतात. तिच्यात प्रत्येक तारेखाली एक, असे सहा दंडाकार लोहचुंबक उभे असतात. त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. आरंभीच्या गिटारींत ते आठ हजारांच्या आसपास असत.

वरची वाजणारी तार पोलादी असते. खालच्या चुंबकामुळे तिच्यातही किंचित् चुंबकत्व येते. नखीने छेडताच ती हालू लागते, तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र हालते आणि वेटोळ्यात प्रवाह उमटतो. तार दर सेकंदास ११० वेळा कंप पावली, तर प्रवाहही तितक्याच वेळा मागेपुढे होतो. हा अत्यंत क्षीण प्रवाह ध्वनिवर्धकात मोठा होतो व कर्ण्यातून पुन्हा नादरूपाने प्रकट होतो. पितळेची वा नायलॉनची तार लावल्यास हे वाद्य मुकेच राहील, कारण पिकअप हवेतील ध्वनी टिपत नसून पोलादी तारेची हालचाल टिपत असतो.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. येथे वीज नाद घडवीत नाही, तर तो वाहून नेते. तंबोऱ्यात जे काम भोपळा करतो, ते येथे वेटोळे, ध्वनिवर्धक आणि कर्णा मिळून करतात. नादाचा उगम मात्र दोन्हीकडे एकच : बोटाने छेडलेली तार.

एक तार, तीन कान

स्ट्रॅटोकास्टरची खरी ख्याती आहे ती तिच्या बहुविध आवाजांमुळे. हे वैविध्य कसे साधले, हे समजण्यासाठी तारेचा एक गुण आठवावा लागेल. छेडलेली तार केवळ संपूर्ण लांबीने कंप पावत नाही. त्याच वेळी ती अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यांनीही कंप पावत असते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर निघतात. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो ह्याच कारणाने.

आता असे पाहा की, घोडीपाशी तारेची हालचाल अगदी थोडी असते आणि तेथे मूळ स्वराच्या मानाने उपस्वर ठळक असतात. घोडीपासून दूर जावे तसतसा मूळ स्वर भरदार होत जातो. लिओ फेंडर ह्यांनी ह्याच गिटारीत तीन पिकअप तीन ठिकाणी बसविले. घोडीजवळचा तिरका पिकअप तारेचा लखलखीत, धारदार आवाज टिपतो. दांडीजवळचा पिकअप गोल व मऊ आवाज देतो. मोकळ्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच आहे, आणि हा पिकअप घोडीपासून सुमारे एक चतुर्थांश अंतरावर येतो. चार हिश्श्यांनी होणाऱ्या कंपनाचा स्थिर बिंदू नेमका तेथेच असल्याने मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्यास जवळजवळ ऐकूच येत नाही. मधला पिकअप ह्या दोहोंच्या मधला मार्ग धरतो. तार तीच, छेडणारा हात तोच. केवळ ऐकण्याची जागा बदलली की नादाचा रंग बदलतो.

ह्या तिन्हींतून एकाची निवड करण्यासाठी तीन जागांची कळ दिलेली होती. पण वादक मोठे चौकस! कळ दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवली की दोन पिकअप एकदम चालू होतात आणि काहीसा काचेसारखा, किंचित् अनुनासिक असा एक नवाच आवाज निघतो, हे त्यांनी शोधून काढले. कारखान्याने मात्र पाच जागांची कळ बसविण्यास १९७७ साल उजाडावे लागले.

एकाच वाद्याच्या अंगी किती स्वभाव असू शकतात, हे वादकांनी दाखवून दिले. इंग्लंडच्या हँक मार्विन ह्यांनी १९६० साली ‘अपाची’ ही धून स्वच्छ, गाणाऱ्या आवाजात वाजविली. १९६९ साली वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स ह्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजविताना कर्ण्यातून परतणारा गुंजारवच हाती धरला व त्यातून आक्रोश उभा केला. ज्या दोषापासून सुटका व्हावी म्हणून भरीव अंग स्वीकारले, तोच दोष येथे आवरून, हवा तितकाच, कलेच्या कामी लागला.

न वाजविणारा वाद्यकार

लिओ फेंडर ह्यांचा जन्म १९०९ सालचा. ते शिक्षणाने हिशेबनीस. पुढे १९३८ साली त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. विशेष हे की, त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. ह्या उणिवेमुळेच की काय, ते वादकांचे म्हणणे फार लक्षपूर्वक ऐकत. नमुन्याच्या गिटारी ते वादकांच्या हाती देत आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घेत.

त्यांची पहिली भरीव गिटार १९५० साली बाजारात आली. तिचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने ते सोडून द्यावे लागले आणि १९५१ साली तिचे ‘टेलिकास्टर’ असे नामकरण झाले. तिच्या फळीची कड बरगडीत रुतते, अशी वादकांची कुरकुर होती. म्हणून स्ट्रॅटोकास्टरची पाठ आणि हाताखालची कड घासून गोलवट करण्यात आली. तारा परस्परांशी नीट जुळत नाहीत, ही दुसरी तक्रार. म्हणून सहा तारांसाठी सहा स्वतंत्र, मागेपुढे सरकणाऱ्या घोड्या आल्या. दांडी चार स्क्रूंनी बसविलेली असल्याने ती बिघडल्यास सहज बदलता येई. अंगाची आकृती रेखाटण्यात हवाई बेटांवर जन्मलेले वादक फ्रेडी टव्हारेस ह्यांचा मोठा वाटा होता. आज जो आकार केवळ शोभेचा वाटतो, तो अशा रीतीने कोणाच्या तरी दुखऱ्या बरगडीतून जन्मास आला आहे.

एक गमतीची गोष्टही येथे नोंदवावीशी वाटते. ह्या गिटारीच्या घोडीस एक दांडा असतो. तो दाबताच मागील स्प्रिंगा ताणल्या जातात, तारा सैल पडतात आणि स्वर खाली उतरतो. ह्या योजनेस फेंडर ह्यांनी ‘ट्रेमोलो’ म्हटले. वस्तुतः ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातील कंप. स्वराच्या उंचीतील कंपास ‘व्हायब्रॅटो’ म्हणतात. नाव चुकले, पण यंत्र चुकले नाही. म्हणून चुकलेले नावही रूढ झाले.

‘जुना आवाज’ म्हणजे काय?

१९६५ सालच्या जानेवारीत फेंडर ह्यांनी आपली कंपनी सीबीएस ह्या मोठ्या कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतरच्या गिटारींत पूर्वीची सफाई राहिली नाही, असे अनेक वादक म्हणू लागले आणि विक्रीपूर्वीच्या गिटारींस सोन्याचे मोल आले. अखेर १९८२ साली खुद्द कंपनीनेच जुन्या घडणीच्या गिटारी पुन्हा बनविण्यास आरंभ केला, आणि १९८५ साली कंपनीतीलच मंडळींनी पुढाकार घेऊन ती सीबीएसकडून विकत घेतली. तेव्हापासून ‘जुन्या धर्तीचा आवाज’ हे नव्या गिटारीचेही भूषण मानले जाऊ लागले.

ह्या जुन्या आवाजात काही गूढ आहे काय? पुष्कळसा भाग तरी मोजता येण्याजोगा आहे. वेटोळ्याचे वेढे वाढविले तर आवाज मोठा होतो, पण वरचे बारीक उपस्वर दबतात. जुन्या पिकअपचे वेढे बेताचे, म्हणून आवाज हळू, पण निर्मळ. त्यात एक वैगुण्यही आहे. एकेरी वेटोळे आसपासच्या विजेच्या तारांचाही गुणगुणाट टिपते. आपल्याकडे वीज दर सेकंदास ५० आवर्तने करते, तीच गुणगुण कर्ण्यातून ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण नाहीशी केली. परंतु तिच्याबरोबर आवाजाची काही धारही गेली. म्हणून अनेक वादक आजही गुणगुण सोसून एकेरी वेटोळेच पसंत करतात. प्रत्येक सुधारणेची काही किंमत असते आणि ती द्यावयाची की नाही हे ज्याचे त्याने, नीट ऐकून, ठरवावयाचे असते.

विद्यार्थ्यांनी ह्यांतील दोन गोष्टी स्वतः पडताळून पाहाव्यात. प्रयोगशाळेत तारेचे वेटोळे गॅल्व्हानोमीटरला जोडून त्यात चुंबक आतबाहेर करावा. काटा हालेल आणि चुंबक थांबताच शून्यावर येईल. मग घरी वा संगीतवर्गात एखाद्या तंतुवाद्याची एकच तार प्रथम घोडीजवळ व नंतर मध्याकडे छेडावी. छेडण्याची जागा बदलल्यानेही आवाज कसा पालटतो, हे आपल्याच कानांना कळेल. ह्या दोन प्रयोगांत स्ट्रॅटोकास्टरचे बहुतेक सारे रहस्य सामावलेले आहे.

मिरजेचा तंबोरा आणि फुलर्टनची गिटार ह्यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो. दोहोंची कामे निराळी आहेत. मात्र पोकळी नाही म्हणून नाद खोटा, हा निर्णय तारेकडे न पाहता दिलेला आहे. हात थांबला की चुंबक, वेटोळे आणि वीज ही तिन्ही असूनही हे वाद्य गप्प बसते. वाद्याची जात ठरविण्यास ह्याहून अधिक पुरावा कोणता हवा?