खडा गेला, नळी राहिली

मुतखडा लेसरने फोडला की सुटलो, असंच आपल्याकडे धरून चालतात. माझा खडा खरोखरच गेला होता. पण शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी तशीच राहिली, आणि पुढे खड्याहून जास्त त्रास तिनेच दिला. ज्यांच्या घरात कुणाला खड्याची तक्रार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी शाळेत शिकवते. स्वच्छतागृहाची सोय धड नसली की बायका पाणीच कमी पितात, आणि लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार साचून खडा धरतो. एका उन्हाळ्यात कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ उठली की उभं राहवेना. ओळखीच्यांनी कुळथाचं कढण सुचवलं, पानफुटीची पानं आणून दिली. लहान खडे, विशेषतः ५ मिलिमीटरपेक्षा छोटे, पुष्कळदा आपणहून पडतात. माझा मोठा होता आणि मूत्रवाहिनीत अडकला होता. त्यामुळे किडनीला सूज आली होती.

लेसर म्हणजे बाहेरून किरण सोडतात, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. भूल देऊन लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत नेतात, तिच्यातून अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तंतू खड्यापर्यंत पोचवतात आणि होल्मियम लेसरने खड्याचा चुरा करतात. पोटावर टाका नसतो, म्हणून माणूस लवकर घरी येतो. पण आतली वाट सुजलेली असते. ती बंद होऊन लघवी तुंबू नये, म्हणून बहुतेकदा एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते; एक वळलेलं टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात.

ही नळी काढायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली इंग्रजीत एक त्रोटक ओळ होती. काढण्याची तारीख नव्हती. सारखी लघवी लागायची, लघवी करताना कंबरेत कळ जायची, अधूनमधून लालसर झाक दिसायची. ‘ऑपरेशननंतर असं होतंच’ म्हणून दवाखान्यातून गोळ्या मिळत राहिल्या. पुढे बरेच महिने उलटले आणि एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला. दुसऱ्या रुग्णालयात एक्स-रे काढला, तेव्हा नळी दिसली. तिच्या दोन्ही टोकांवर क्षारांची पुटं चढून नवे खडे झाले होते. आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा लागला, मग पुन्हा भूल, पुन्हा लेसर. वेळेवर काढली असती तर बधिर करणारी जेली लावून, मूत्राशयात दुर्बीण घालून काही मिनिटांत निघाली असती.

म्हणून सांगते, भरती होण्याआधीच विचारा: लघवीचा कल्चर रिपोर्ट आला का? जंतुसंसर्ग असताना खडा फोडला तर विष रक्तात पसरू शकतं. अशा वेळी आधी नुसती नळी टाकून लघवीला वाट देतात आणि खड्याचं नंतर बघतात. नळी ठेवणार का, तिचा आणि ती काढण्याचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे का, हेही विचारा. पैशांसाठी नळी काढणं लांबणीवर पडू नये.

घरी निघताना कार्डावर तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या: नळी आहे की नाही, कोणत्या बाजूला आहे, आणि काढण्याची तारीख. ती तारीख फोनमध्ये टाका आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. सहसा काही दिवस ते काही आठवडे नळी ठेवतात. नेहमीची नळी साधारण ३ महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. बरं वाटतंय म्हणून ती आत राहू देऊ नका.

नळी असेपर्यंत वारंवार लघवी लागणं, थोडं दुखणं, लालसर लघवी होणं हे बऱ्याच जणांना होतं. त्यावर औषध मिळतं, डॉक्टरांना सांगा. मात्र थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा दुखणं सोसवेना झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खडा तपासायला पाठवायला सांगा. तो कशाचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा, पण डॉक्टरांना न विचारता दूध बंद करू नका.

आणि रुग्णालयांना कळकळीची विनंती: नळी टाकलेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव एका नोंदवहीत लिहा आणि तारीख आली की फोन करा. वाचणाऱ्यांनीही, घरात कुणाचा खडा दुर्बिणीतून काढला असेल, तर आजच त्याचं कार्ड काढून बघा. नळी काढल्याची नोंद सापडली नाही, तर एक साधा एक्स-रे काढून खात्री करून घ्या.